मन्मथनं खरं सांगितलं

विमा कंपनीत माणसांच्या आयुष्याचे, आजारपणाचे, अपघातांचे अंदाज बांधणारा जो गणिती असतो, त्याला अ‍ॅक्चुअरी म्हणतात. बिलोलीकडच्या त्या गावात हा शब्द नीट उच्चारणारं माणूस एकच, मन्मथ. आणि आपण अजून अ‍ॅक्चुअरी झालेलो नाही, हे त्याच्याशिवाय फक्त त्याच्या वडलांना ठाऊक होतं.

मन्मथ नांदेडला विद्यापीठात संख्याशास्त्राचं एम.एस्सी. करत होता. अ‍ॅक्चुअरीची प्रवेश परीक्षा तो मागेच पास झाला होता. पण ती पास होणं म्हणजे पुढचे पेपर द्यायची मुभा मिळणं, एवढंच. खरे पेपर तेरा, आणि त्यातल्या पहिल्यातच तो दोनदा नापास झाला होता. गंमत अशी की प्रवेश परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी त्याचे वडील मृत्युंजय महाराज नायगावात शिवकीर्तनाला उभे होते. देवानं गळा दिलेला माणूस. आनंद पोटात मावेना, आणि गजराच्या तोंडावर बोलून गेले, "शिवशंभूची कृपा. आमचं लेकरू अ‍ॅक्चुअरी झालं."

महाराज घरी पोचायच्या आत वेशीवर फ्लेक्स लागला. मन्मथनं डोक्याला हात लावला तर महाराज म्हणाले, "पुढं व्हायचाच हाईस नव्हं? चार दिस आधी सांगितलं तर काय बिघडलं?"

बिघडलं ते लातूरला. बारावीनंतर एक वर्ष मन्मथ तिथल्या एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला म्हणून बसला होता आणि हात हलवत परत आला होता. त्याच क्लासवाल्यानं आता त्याचा फोटो 'आमचा अ‍ॅक्चुअरी' म्हणून भल्या मोठ्या होर्डिंगवर चढवला आणि अ‍ॅक्चुअरीची नवी बॅच उघडली. फोटो उतरवा म्हणून मन्मथनं फोन केला, तर सर हसले. "अरे बाबा, आज ना उद्या होशीलच की."

त्या बॅचला आता घरातलीच पोर निघाली. चुलत्याच्या माघारी गौरम्माकाकूनं एकटीनं वाढवलेली सुकन्या. नांदेडला सरकारी नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. सोमवारी ती जागा सोडायची आणि मंगळवारी लातूर गाठायचं, असं मायलेकींनी ठरवलं होतं.

रविवारी गावात शिवनाम सप्ताहाची सांगता होती. देवळामागं बायका पोळ्या लाटत होत्या. मन्मथ काकूसमोर उकिडवा बसला.

"काकू, नर्सिंग सोडू देऊ नका. गेलेली जागा परत येत न्हाई."

"तू कामून आडवा येऊन राहिलास रे?" लाटणं न थांबवता काकू म्हणाली. "एसटीत आपल्याला जागा मिळाली की माणूस म्हणतंय, आता दार लावा."

बाकीच्या बायका फिसकन हसल्या.

"मलाच जागा मिळाली न्हाई काकू. मी फक्त तिकीट काढलंय."

"हाव, आणि फ्लेक्स तिकिटाचा लावलाय."

सुकन्या हसली नाही. पोळी तव्यावर टाकून ती त्याच्याकडं वळली. "दादा, हे खरं असंल तर आज कीर्तनात सांग. वीणेपुढं उभं राहून. तिथं कुणी खोटं बोलत न्हाई. सांगितलंस तर मी जागा सोडणार न्हाई."

मन्मथला हायसं वाटलं. तो तसाच घरी गेला. महाराज कपाळी विभूती ओढत होते.

"आप्पा, आज मला दोन शब्द बोलू द्या. मी अ‍ॅक्चुअरी न्हाई म्हणून सांगतो."

महाराजांची तीन बोटं कपाळावरच थांबली. मग म्हणाले, "माझ्या तोंडून निघायचं न्हाई बाबा. पण तू बोल. शिवाच्या दारात तुला कोण अडवणार?"

दुपारचं कीर्तन असं रंगलं की सांगता सोय नाही. मृदंगावर थाप पडली आणि मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा सावरून बसली. महाराजांनी नेहमीसारखी सुरुवात केली. मी पामर, मला ना सूर कळतो ना शास्त्र, तुमच्या पायाची धूळ. आपल्याकडं प्रत्येक कीर्तनकार हे म्हणतोच, आणि ऐकणारा मनात म्हणतो, वा, किती मोठा माणूस. एवढ्या वर्षांत ते शब्द कुणी खरे धरलेले नाहीत. धरावेत असं कुणाला वाटतही नाही.

मध्येच महाराजांनी मन्मथला वीणेकऱ्याशेजारी उभं केलं.

"मी अ‍ॅक्चुअरी न्हाई," मन्मथ म्हणाला. "तेरा पेपर असतात. माझा एकबी सुटलेला न्हाई. पहिल्यातच दोनदा नापास झालोय. लातूरच्या क्लासमध्ये मला हा विषय कुणी शिकवला न्हाई. मला अजून काई येत न्हाई."

पुढं बसलेल्या रामकिशन पाटलांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बापाचं वळण," ते शेजारच्याला म्हणाले. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "एवढं शिकलं, पण किती लीन हाय माय लेकरू."

"हे लीनपणानं बोलत न्हाई," मन्मथ कळवळून म्हणाला. "खरंच सांगून राहिलो."

मांडवभर कौतुकाचं हसू पसरलं. आता तर लोकांची खात्रीच पटली. मन्मथनं वडलांकडं पाहिलं. बायकांतून मान उंचावून सुकन्याही त्यांच्याकडंच बघत होती. 'खरं हाय' एवढे दोन शब्द पुरे होते.

महाराजांनी डोळे मिटले. पापण्यांतून पाणी आलं. पुढं होऊन त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"बघा," ते म्हणाले. "ज्याला सगळं आलं, ते म्हणतंय मला काई येत न्हाई. अहंकार गळणं म्हंजे काय, हे मी जन्मभर तोंडानं सांगून राहिलो. आज लेकरानं करून दाखवलं."

हर हर महादेव म्हणून मांडव उठला. टाळ, मृदंग आणि गजर एकच झाला. दोन म्हातारे मन्मथच्या पाया पडायला वाकले. तो मागं सरकला, तर त्याचंही कौतुक झालं.

प्रसादाच्या पंगती बसल्या तेव्हा मन्मथनं वडलांना मांडवाच्या कडेला गाठलं.

"आप्पा, तुमाला म्हाईत होतं."

"सगळे रडून राहिले होते रे," महाराज हळू बोलले. त्यांचा चेहरा अजून ओला होता. "अशा वक्ताला मोडता घालवत न्हाई. कीर्तन भरात होतं."

"आणि सुकन्या?"

"शिव बघंल तिचं."

"शिव बघंल. तुमी न्हाई बघितलं."

सोमवारी काकूनं नांदेडला जाऊन जागा सोडून दिली. मंगळवारी सकाळी लातूरला जायच्या गाडीसाठी सगळे बिलोलीच्या स्टँडवर उभे होते. मन्मथनं शेवटचा प्रयत्न केला.

"मी तुझ्यासाठीच बोललो होतो, सुकन्या."

"म्हाईत हाय. पण मी थोरल्या आप्पाकडं बघून राहिले होते. ते 'खरं हाय' म्हणले असते तर मी थांबले असते." मग भाबडेपणानं तिनं विचारलं, "दादा, आधी कुठल्या पेपरापासून धरू?"

त्यानं सांगितलं. दुसरं काय करणार? ती वाकून पाया पडली, गाडीत चढली. काकू खिडकीला धरून गाडीबरोबर चार पावलं चालली आणि पदरानं तोंड झाकून बाजूला झाली.

महाराज हात जोडून उभे होते. धूळ बसल्यावर म्हणाले, "हदगावाहून बोलावणं आलंय पुढच्या सोमवारचं. म्हणून राहिले, मन्मथला घेऊन या. त्यानं तेवढंच बोलावं, जास्त न्हाई."

"येतो," मन्मथ म्हणाला. "आधी तुमी बोला की पोरगं नापास हाय. मग मी उभा राहतो."

महाराजांनी गळ्यातलं उपरणं नीट केलं. मग म्हणाले, "त्यांना मी कळवतो, की तुला येणं जमत न्हाई, अभ्यास चालू हाय."