सहा अक्षरांची एकसष्ट उत्तरं

सदराचं नाव 'सहा अक्षरं'. दर रविवारी पुरवणीच्या शेवटच्या पानावर, चपलांच्या जाहिरातीखाली, इंग्रजीची सहा अक्षरं छापून यायची. सहाच्या सहा अक्षरं कामाला लावून जितके शब्द होतील तितके वाचकांनी कार्डावर लिहून पाठवायचे, बस. एकोणीस वर्षं हा संसार एकच बाई चालवत होती. ऑफिसात तिला सगळे अक्षरबाई म्हणायचे, तोंडावर आणि पाठीमागेही. तिला त्याचं काही वाटत नसे.

गेल्या आठवड्यात पुरवणीच्या संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायची त्याला सवय नव्हती.

"बाई, एका एजन्सीकडून तयार कोडी मिळतायत. रंगीत. तुमच्या सदराला उत्तरं तरी येतात का?"

"येतात की."

"किती?"

मागच्या खेपेला सात आली होती, आणि त्यातलं एक गळक्या नळाच्या तक्रारीचं होतं.

"असं करू," संपादक कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "या रविवारच्या अक्षरांना शुक्रवारपर्यंत पन्नास उत्तरं आली, तर सदर राहील, तुम्हीही राहाल. नाहीतर मग बघा."

मग बघा म्हणजे काय बघायचं हे सांगायला ज्योतिषी नको होता. सेहेचाळिसाव्या वर्षी, शब्द मोडून पुन्हा जोडण्यापलीकडे हाताला कसलंच वळण नसलेल्या बाईला दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

घरी ती हे बाबांजवळ बोलून गेली. बोलायला नको होतं, पण घरात बोलायला दुसरं होतंच कोण? बाबा जन्मभर छापखान्यात इंग्रजी मजकुराचे खिळे जुळवायचे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे त्यांची नजरच उलटी बसली होती. शब्द त्यांना शेपटाकडून दिसायचा. लहानपणी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची अक्षरं मांडून त्यांनी लेकीलाही तेच शिकवलं होतं. "डोकं कुणीही पकडेल. तू आधी शेवटचं अक्षर धर, ए-बी-सी-डीच्या क्रमाने, आणि मागे मागे जा. एकही शब्द सुटायचा नाही." सुटायचाही नाही. त्या शिकवणीवरच तर तिची एकोणीस वर्षं निघाली होती.

आता बाबांचा एक डोळा पार गेला होता आणि दुसऱ्याचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी तंबी देऊन ठेवली होती: वाचायचं तर फक्त मोठे मथळे, लिहायचं काहीच नाही, आहे ती नजर पुरवून पुरवून वापरायची.

"पन्नास काही फार नाहीत," बाबा म्हणाले होते. "येतील."

गुरुवारी दुपारी शिपाईकाकांनी टेबलावर रबर लावलेला गठ्ठा टाकला. "अक्षरबाई, आज काय लग्नबिग्न आहे की काय तुमचं?"

तिने मोजली. एकसष्ट. पुन्हा मोजली, एकसष्टच. काकांनाही मोजायला लावली. मग तिने अख्ख्या खोलीला चहा पाजला, ज्यांनी एकोणीस वर्षांत तिच्या टेबलाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांनासुद्धा. तिला इतकं बरं वाटत होतं की तिची तिलाच लाज वाटली. माणसं वाचत होती. कुठेतरी कुणीतरी रविवारी सकाळी पेन्सिल घेऊन बसत होतं.

मग ती तपासायला बसली.

त्या रविवारची अक्षरं होती ए, ई, एल, पी, एस, टी. गुणी अक्षरं, सहा शब्द देतात. पहिलं कार्ड एका गृहिणीचं, निळ्या शाईतलं, गोल वळणाचं: स्टेपल, पेस्टल, प्लेट्स, पेटल्स, प्लीट्स, पेलेस्ट. सगळे बरोबर. दुसरं निवृत्त शिक्षकाचं, काळ्या शाईत, तिरकं. स्टेपल, पेस्टल, प्लेट्स, पेलेस्ट. दोन शब्द राहिले होते. तिसरं नववीतल्या विद्यार्थिनीचं, जांभळ्या पेनाने, कोपऱ्यात फूल काढलेलं. हिला स्टेपल सापडला नव्हता. पेस्टल, पेटल्स, प्लीट्स, पेलेस्ट.

तिसऱ्या कार्डावर तिचा हात थांबला.

ही अक्षरं बघून माणूस आधी प्लेट्स लिहितो, नाहीतर पेटल्स. सगळ्यांत आधी पेस्टल कुणाला सुचेल? आणि पेलेस्ट सगळ्यांच्याच शेवटी कसा? तिने गठ्ठा भराभर चाळला. कंडक्टर, नर्स, 'एक आजोबा', 'दोघी बहिणी'. कुणी सगळे शब्द लिहिले होते, कुणी तीनच. पण तीन कार्डं सोडली, तर जे लिहिले ते त्याच रांगेत. इंग्रजी स्पेलिंगात आधी ईवर संपणारा स्टेपल, मग एलवर पेस्टल, मग एसवाले तिघे, शेवटी टीवर पेलेस्ट. असे शब्द शोधणारी माणसं या जगात दोनच होती, आणि त्यातली एक कार्ड हातात धरून बसली होती.

अठ्ठावन्न कार्डं बाबांची. अठ्ठावन्न वेळा हस्ताक्षर बदललेलं, शाई बदललेली, खरं वाटावं म्हणून कुठे कुठे शब्द गाळलेले. शेवटच्या कार्डांवर ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. ती ऑफिसात असताना, भर दुपारी खिडकीपाशी बसून, त्या एका डोळ्याने लिहिलेली. तिला रडू आलं नाही, राग आला. म्हातारा माणूस, सांगितलेलं ऐकेल तर शपथ. आणि त्या रागाच्या तळाशी जे होतं त्याकडे तिने बघितलंच नाही.

शुक्रवारी सकाळी तिने गठ्ठ्याला परत रबर लावलं. रात्रभर विचार करून तिने ठरवलं होतं. बोलायचं नाही. ही फसवणूक होती हे तिला पक्कं माहीत होतं, पण डोळा तर खर्च होऊन गेला होता. आता खरं बोलून तो परत थोडाच येणार होता? निदान त्याचं काही चीज व्हावं.

"साहेब, एकसष्ट आली."

"कसली?" संपादकांनी मान वर केली. मग त्यांना आठवलं. "अरे हो. बाई, मी तुम्हाला सांगणारच होतो. सोमवारीच वरून एजन्सीचं नक्की झालं. माझ्या हातात काही राहिलं नाही. हे ठेवा तुमच्याकडे, नाहीतर काकांना द्या, रद्दीत टाकतील."

रबर त्यांनी काढलंच नाही.

घरी बाबा दाराकडे तोंड करूनच बसले होते. उरलेला डोळा लाल होऊन सुजला होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

"किती आली?"

"एकसष्ट."

"मग झालं तर." ते खुर्चीत सैल झाले. "राहिलीस तू."

"नाही, बाबा. बंद झालं. सोमवारीच ठरलं होतं. कुणी मोजलीसुद्धा नाहीत."

बाबांनी गळणारा डोळा बाहीने टिपला. मग म्हणाले, "पन्नास म्हणाला होता ना तो? मी तर मुद्दाम आठ जास्तीची..." आणि थांबले.

"मला माहीत आहे."

"कधी ओळखलंस?"

"तिसऱ्या कार्डाला."

"हस्ताक्षर तर बदललं होतं."

"हस्ताक्षर बदललंत. क्रम नाही बदललात."

बाबा कसनुसं हसले. "तो नाही बदलता येत." मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तीन खरी आली."

तिने पर्समधून ती तीन काढली. बाबांनी हात पुढे केला, कार्ड डोळ्याशी नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं आणि तिच्या हातात दिलं. "वाच तूच. मला आज धुरकट दिसतंय."

"एकात चपला कुठे मिळतील म्हणून विचारलंय. दुसऱ्यात एकच शब्द आहे, प्लेट्स." तिने तिसरं उचललं. "याने चार काढलेत. प्लेट्स, पेटल्स, प्लीट्स, स्टेपल."

"पेस्टल आणि पेलेस्ट राहिले." बाबा एकदम सरळ बसले. "थोडक्यात हुकलं बघ त्याचं. शेपटाकडून गेला असता तर मिळाले असते. असं कर, त्याला एक कार्ड टाक. कसं शोधायचं ते नीट लिहून कळव. एवढं केलंय पोराने, त्याला उत्तर जायला हवं."

तिने कार्ड उलटवलं. खाली 'एक वाचक' एवढंच लिहिलं होतं. पत्ता नव्हता.

"कळवते," ती म्हणाली.