ज्ञानूच्या हाताची शिकवणी

आमच्या बोरी गावात माझ्या लेकीच्या थेरपीला 'हाताची शिकवणी' म्हणतात, आणि म्हणताना हसतात. हसोत बापडे. गणिताची शिकवणी लावली असती तर कुणी हसलं नसतं.

ज्ञानेश्वरी दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि रडली उशिरा. तिचा डावा हात मुठीतच राहिला. अंगठा आत, बोटं वरून घट्ट. मूठ धुवायची म्हटलं तरी दोघीजणी लागायच्या. माझ्या सासूबाई दगडाबाई म्हणायच्या, आपोआप उघडेल. चार वर्षं झाली, उघडली नाही. मालिश झाली, गंडा झाला, जिंतूरचे तीन दवाखाने झाले. त्यातल्या एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ऑक्युपेशनल थेरपी' लिहून दिलं. ते कुठं मिळतं हे सांगणारं माणूस शोधण्यात आणखी वर्ष गेलं. परभणीत स्टँडमागच्या गल्लीत निकिता मॅडम सापडल्या, तेव्हा पोर पाच वर्षांची होती.

मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, शेतात काय असतं? मी कापूस म्हणाले तर त्या खूश झाल्या. "मग महागडी खेळणी कशाला? रोज मूठभर कापूस द्या आणि डाव्या हातानं सरकी काढायला लावा." पहिली सरकी निघायला सात महिने लागले. त्या दिवशी मी ती सरकी घेऊन अख्ख्या गल्लीत फिरले. ज्यांना हसायचं होतं ते तेव्हाही हसलेच.

फी परभणीतली एक संस्था भरत होती. माझा नवरा बजरंग ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आठवड्याला दोन शिकवण्या आम्हाला झेपणाऱ्या नव्हत्याच. संस्थेची अट एकच होती. दाखल्यावर निदान चाळीस टक्के अपंगत्व हवं. ज्ञानूच्या तात्पुरत्या दाखल्यावर अठ्ठेचाळीस होते. त्याची मुदत संपली आणि फेरतपासणीची तारीख आली.

गावात ऑनलाइन अर्ज भरून देणारा योगीराज कागद हातात देत म्हणाला, "वहिनी, पोरगी लय सुधारली की! तपासणीत तेवढा हात उघडू देऊ नका. चाळीसच्या खाली गेलं की फी गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"तू आधी तुझं तोंड झाक," मी म्हणाले.

सासूबाई मात्र म्हणाल्या, "एक दिस मूठ मिटून बसली तर काय बिघडलं, सविते? शिकवणी चालू ऱ्हाईल ना."

मला त्यांचा राग आला. पण खरं सांगायचं तर राग येण्याइतकी मी शहाणी नव्हते. दोन दिवसांनी आम्ही तिघी एसटीनं परभणीला निघालो आणि झरी गाव मागं पडल्यावर मीच लेकीच्या कानात तेच सांगितलं.

"म्हंजे शिकवलेलं काय बी करायचं न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मॅडम रागवतील."

"आज मॅडम न्हाईत तिथं."

ती खिडकीबाहेर बघत बसली. सात वर्षांच्या पोरीला मी खोटं शिकवत होते, आणि तेही कशाचं, तर स्वतः अधू असल्याचं.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी मोठ्या बटणाचं एक जाकीट ज्ञानूला घातलं. "लाव बरं बटण."

हे बटण तर आम्ही घरी शंभर वेळा लावलं होतं. ज्ञानूनं माझ्याकडं बघितलं. डावी मूठ पोटाशी धरली आणि एकट्या उजव्या हातानं बटणाशी खटपट करू लागली. बटण निसटलं. पुन्हा निसटलं. डॉक्टरीण बाईंनी तिची डावी बोटं हळूच उघडून बघितली, तर पोरीनं ती अशी आवळली की सांधे पांढरे पडले.

"दुखतं का बाळा?"

तिचे डोळे भरून आले, मूठ तशीच. दोन वर्षांत तिनं एवढा जोर लावून काही केलं नव्हतं, आणि जे केलं ते माझ्या सांगण्यावरून, हात बंद ठेवायला. मला माझीच अशी लाज वाटली की वाटलं, आत्ता उठून स्वतःच्या थोबाडीत मारावी.

"ज्ञानू," मी म्हणाले, "उघड. मी चुकीचं सांगितलं. दाव डॉक्टरीण बाईला, तुला काय काय येतंय ते."

तिनं नाक पुसलं. डाव्या बोटांनी जाकिटाची कड धरली, उजव्यानं बटण सारलं. एक, दोन, तीन, चार. चौथं लावून झाल्यावर तिनं ती सगळी सोडली आणि पुन्हा लावून दाखवली. कुणी सांगितलं नव्हतं.

दाखल्यावर छत्तीस टक्के आले.

योगीराजनं कपाळावर हात मारला. सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तरी मी ज्ञानूला आणि अर्ज घेऊन संस्थेत निघाले, तेव्हा पिशवी उचलून मागोमाग आल्याच.

संस्थेचे साहेब सज्जन होते, पण नियमाच्या बाहेर जाणारे नव्हते. "बसत नाही हो, बाई. छत्तीस आहेत."

"साहेब, तुमच्याच पैशानं तिची मूठ उघडली. आता उघडली म्हणून पैसे बंद. आजून तिला येणी घालता येत न्हाई, भाकर थापता येत न्हाई. बरं व्हायला लागलं की दवाई बंद करायची, ह्यो कुठला नियम? ह्येच लिवलंय मी अर्जात, त्या बटणाच्या गोष्टीसकट."

"आणि तुम्हाला माहीत होतं ना, तिनं ते बटण लावलं नसतं तर..."

"माहीत होतं. पर त्या खोलीतून ती हात मिटून बाहेर आली असती, तर तुमच्या दारात यायला मला तोंड ऱ्हायलं नसतं."

साहेब अर्ज बघत राहिले. "मिटिंगमध्ये ठेवतो. खाली मुलीचं नाव लिहा."

"तीच लिवील."

ज्ञानू टेबलाशी उभी राहिली. तिच्या लिहिण्यात कागद नेहमी सरकायचा, म्हणून सवयीनं मी तो धरायला हात पुढं केला. तिनं माझा हात बाजूला सारला आणि आपला डावा पंजा कागदावर ठेवला. बोटं पुरती सपाट होत नव्हती, पण कागद हलला नाही. नाव लिहायला तिला बराच वेळ लागला. साहेब थांबले.

"निर्णय महिन्याभरात कळवतो," ते म्हणाले.

"कळवा. पर आमची शिकवणी मंगळवारी हाय. आमी जाणार."

"फी?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "कापूस फुटलाय साहेब. सविता जाईल मजुरीनं वेचायला, मी बी जाईन. दोघीयचे चार हात हायत." मग ज्ञानूच्या पंजाकडं बघत म्हणाल्या, "आन् घरी सरकी काढायला हिचे दोन."