कव्हरवरचा पिवळा पंजा

डेस्मंड ऑर्मने फडकं उचललं आणि हॉलमधल्या पन्नास-साठ माणसांनी हातातले कप बशीत ठेवले. आमच्या स्कारथॉर्प या इंग्लिश गावात याहून मोठा गलका होत नाही.

टेबलावर आमच्या गावातल्या मॉरीनच्या दिवंगत भावाचा कॉम्प्युटर होता. चाळीस वर्षांपूर्वी आमच्याकडे घरोघरी टीव्हीला जोडून वापरायचे, त्यातला. कीबोर्ड आणि यंत्र एकाच कव्हरमध्ये. महिन्यापूर्वी तो विडी ओढणाऱ्याच्या दातांसारखा पिवळा होता. आज सायीसारखा पांढरा दिसत होता. आणि त्या पांढऱ्यावर, उजव्या कोपऱ्यात, पाच बोटांचा पिवळा पंजा.

"यंत्रसुद्धा म्हातारं होतं, मित्रांनो," डेस्मंड म्हणाला. त्याच्या अंगात मखमली जाकीट होतं आणि आवाजात मध. "त्याचं वय मी माझ्या तळहातातून ओढून घेतो. जिथे माझा हात टेकलेला असतो, तिथे शेवटचा थेंब राहतो. तो हा."

मग त्याने बटण दाबलं. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं उमटली. मॉरीनने रुमाल काढला.

"चालू झाला बघ," माझ्या शेजारी बसलेला ग्रॅहम पुटपुटला. ग्रॅहमने टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्म काढला आहे आणि आमच्या शनिवारच्या क्लबात त्याच्याइतका सुबक सोल्डरिंगचा डाग कोणी देत नाही.

"त्यातले तीन कपॅसिटर तूच बदललेस ना, ग्रॅहम?"

"बदलले गं. पण तेव्हा डेस्मंडने वर हात धरला होता."

"सोल्डरिंगचा धूर लागत असेल त्याला."

ग्रॅहमने मान वळवली.

असे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला आम्ही दर शनिवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये जमतो. आमची कामाची पद्धत ठरलेली आहे. यंत्र आलं की आधी स्क्रू काढायचे, कव्हर उचलायचं आणि स्टेजखाली सरकवून द्यायचं. कव्हरला सगळे 'साल' म्हणतात. पुढे महिनाभर बोर्डावर खल चालतो. कुठल्या चिपचा कुठला पाय सैल आहे, कुठला कपॅसिटर फुगला आहे, यावर भांडणं होतात. सालीकडे कोणी पाहत नाही. डेस्मंड आला तो हे हेरूनच आला असावा. "तुमची कव्हरं मी घरी नेतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो," म्हणाला. सगळ्यांनी आनंदाने दिली. अडगळ गेली.

कव्हर पांढरं होऊन यायचं, तोवर बोर्डही दुरुस्त झालेला असायचा. दोन्हींचं श्रेय एकाच माणसाला मिळू लागलं. गावातली सर्वांत जाणती डोकी अशी फसली. त्यांना आतलं सगळं ठाऊक होतं, पण त्या प्लॅस्टिकचा विचार कोणी क्षणभरही केला नव्हता. शिवाय एखाद्याला 'हे तुम्ही नेमकं कसं करता' असं विचारणं आमच्याकडे पगार विचारण्याइतकं असभ्य समजतात.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे दुसरं काही केलंच नाही, फक्त कसं आणि किती एवढंच विचारलं. म्हणून मला दोन गोष्टी दिसत होत्या. एक, एप्रिलभर रिमझिम होती तेव्हा डेस्मंडची 'कंपनं जुळत' नव्हती. ऊन पडलं आणि एकाच आठवड्यात चार यंत्रं तरुण झाली. ईश्वरी कृपा आणि हवामान खात्याचा अंदाज यांचं इतकं सख्य मी कधी पाहिलं नव्हतं. दोन, त्याच्या बोटांच्या टोकांवर खडूसारखे पांढरे डाग असायचे. तो म्हणे, तिथून प्रकाश बाहेर पडतो.

त्या उन्हाच्या आठवड्यात मीही घरी एक उद्योग केला होता. तो पिशवीत घालून आणला होता, पण ग्रॅहमला एकट्याला दाखवायचा आणि गप्प बसायचं, असाच माझा विचार होता. प्लॅस्टिक गोरं झालं तर कोणाचं काय बिघडतं? डेस्मंडचा कार्यक्रम आटोपून पुन्हा चहा फिरला तेव्हा विल्फ थ्वेट शेजारी येऊन बसला आणि तो विचार बदलला.

विल्फ मासेमारीच्या बोटींवर रेडिओ सांभाळायचा. आता ऐंशीला टेकला आहे आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. हल्ली तो सुटे भाग बोटांनी चाचपून ओळखतो. गुरुवारी त्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"पोरी, गुरुवारचं मी रद्द करतोय," तो म्हणाला आणि त्याने खिशातून एक निळी बाटली काढली. "डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडतं, हे डॉक्टरच बोलले. डेस्मंड म्हणतो, जे सालीचं तेच डोळ्याचं. रोज झोपताना दोन थेंब."

"घातलेत?"

"आजपासून घालणार."

"विल्फ, ऑपरेशनची भीती वाटते का?"

"डोळ्यात सुरी घालणार आहेत. तुझ्या डोळ्यात घालतील तेव्हा मी तुला हेच विचारीन."

मी बाटलीचं बूच उघडून वास घेतला. फारसा काही येईना. मग ती बाटली आणि माझी पिशवी घेऊन डेस्मंडच्या टेबलाशी गेले. विल्फला हाताला धरून बरोबर नेलं.

"मिस्टर ऑर्म, माफ करा, थोडा त्रास देते," मी म्हणाले आणि पिशवीतून एक जुनं कव्हर काढलं. ते जवळजवळ सगळं पांढरं झालं होतं. मधोमध एक पिवळी चहादाणी होती, तोटी आणि कानासकट. "माझ्या चहादाणीने किती वर्षं तप केलं असेल, तुमचा काय अंदाज?"

मागे कोणीतरी खोकलं. आमच्याकडे हसू आवरताना खोकतात.

"हे केस ब्लीच करायच्या क्रीमचं काम आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "सलूनवाल्यांच्या दुकानात मिळतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. मी चांदीच्या कागदाची चहादाणी कापून कव्हरवर चिकटवली, वरून सगळीकडे क्रीम फासलं, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि खिडकीत उन्हाला ठेवलं. ऊन पोचलं तिथे पांढरं झालं. कागदाखाली पोचलं नाही, तिथे पिवळंच राहिलं. चहादाणीऐवजी पंजा कापला असता तर पंजा आला असता."

"विज्ञान बाहेरचं बघतं, बाई," डेस्मंड हसून म्हणाला. "मी आतलं बघतो."

"आतलं ग्रॅहमने बघितलं."

सगळे ग्रॅहमकडे पाहू लागले. त्याचे कान लाल झाले. "हो. म्हणजे... तीन कपॅसिटर होते. आणि एक चिप सैल होती," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत स्वतःच्या कामाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला.

दुपारच्या जेवणासाठी भाजायचे बटाटे स्वयंपाकघरात पडले होते. त्यातला एक कच्चा बटाटा आणून मी चिरला आणि निळ्या बाटलीतले दोन थेंब फोडीवर टाकले. पांढरा फेस वर येऊ लागला. विल्फला तो दिसेना. म्हणून मी फोड त्याच्या कानापाशी धरली.

सगळं आयुष्य खरखरीतून आवाज वेचणारा माणूस. त्याने डोळे मिटले आणि ऐकलं.

"फसफसतंय," तो म्हणाला.

"जिवंत पेशींना पेरॉक्साइड लागलं की असं होतं. तुमच्या बुबुळावर हेच झालं असतं. आणि भिंग आत असतं, विल्फ. त्याचा मोतीबिंदू थेंबांनी धुऊन निघत नाही."

"बटाट्याला श्रद्धा नसते," डेस्मंड म्हणाला.

"प्लॅस्टिकला होती?"

मी बाटली त्याच्यापुढे धरली. "तुम्हाला आहे ना? मग एक थेंब तुमच्या डोळ्यात."

"वैद्याने स्वतःवर उपचार करायचे नसतात."

"बोटांवर तर झालेत. ते पांढरे डाग प्रकाशाचे नाहीत, पेरॉक्साइडने कातडी भाजल्याचे आहेत. एवढं हाताळता तर हातमोजे घालत जा."

डेस्मंडने दोन्ही हात खिशात घातले. त्याला अचानक दुसऱ्या गावचं काहीतरी आठवलं. तो निघाला तेव्हा त्याच्यासाठी कोणीतरी दारसुद्धा उघडून धरलं. आमचं गावच तसं.

मॉरीन माझ्याशी तुटकपणे बोलली. "भावाचा कॉम्प्युटर सुंदर झाला होता. तेवढं तरी राहू द्यायचं होतंस."

"सुंदर आहेच. पण तो पुन्हा पिवळा पडेल, मॉरीन. उन्हात ठेवू नकोस. आणि बंद पडला तर ग्रॅहमला सांग."

ती ग्रॅहमकडे गेली. त्याच्याशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण त्याने खुर्ची ओढून तिला बसायला दिलं.

गुरुवारी मी विल्फला इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरीण बाई त्याच्या नातीच्या वयाची होती. विल्फने तिला आडवंतिडवं विचारलं. सुरी केवढी? हात थरथरला तर? आजवर कोणाचा डोळा गेला का? तिने कागदावर छेदाच्या लांबीची रेघ काढून दाखवली. ती तांदळाच्या दाण्याहून लहान होती. मग म्हणाली, "क्वचित बिघडतं, काका. काय बिघडू शकतं आणि तसं झालं तर आम्ही काय करतो, ते सांगते." आणि तिने सगळं सांगितलं.

विल्फने विचार केला आणि कोट काढून माझ्या हातात दिला.

तुम्हाला कोणी काही घ्यायला दिलं, मग ते थेंब असोत, भस्म असो वा मंतरलेलं पाणी, तर तीन गोष्टी विचारा. यात काय आहे, ते कसं काम करतं, चुकलं तर काय होईल. उत्तर देणारा बरोबरच असेल असं नाही. पण जो उत्तर द्यायचं टाळतो, त्याच्या हाती डोळा देऊ नका.