चिकटलेली बशी

मित्रांनो, मी तुर्की कॉफीचा एक जुना कप आहे. माझा कान एकदा तुटून परत चिकटवला आहे आणि माझ्या पोटावरचं निळं फूल धुऊन धुऊन फिकट झालं आहे. खरं तर गोष्ट जन्मापासून सांगायची रीत आहे. पण माझं मन पुन्हा पुन्हा एका साध्या दुपारकडे जातं. त्या दुपारी काहीच बिघडलं नव्हतं. सगळ्या जणी हसत होत्या.

गुलाबतोडणी संपत आली होती. इस्पार्ताकडच्या आमच्या गावात त्या दिवसांत बायका पहाटे शेतात असतात आणि दुपारी पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जमतात. त्या दिवशी पाळी आमच्या नेझाहतची होती. तिने पालक भरलेली खमंग पोळी भाजली होती आणि कपाटातले आम्ही सगळे कप बाहेर काढले होते. इतक्यात आरोग्य केंद्रातली नर्स साबिहा आली. तिने दवाखान्याचा पांढरा कोटसुद्धा काढला नाही.

"चला गं बायांनो! चौकात तपासणीची गाडी आली आहे. डॉक्टर बाईच आहे. ड्रायव्हरला मी चहा प्यायला पिटाळलंय. आता कुणाचं काय म्हणणं?"

"ड्रायव्हर दिसायला कसा आहे, ते आधी सांग," मुझेय्यन म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मुझेय्यन म्हणजे शेजारीण. कपात उरलेल्या गाळात बघून भविष्य सांगण्यात गावात तिचा हात धरणारी कुणी नव्हती.

"गर्भाशयाच्या तोंडाशी एक छोटासा ब्रश फिरवायचा, तो काचेवर पुसायचा, की झालं," साबिहा म्हणाली. "ती काच मोठ्या दवाखान्यात तपासतात."

"म्हणजे माझाच धंदा की! मी कप वाचते, ते काच वाचतात. फक्त माझ्याकडे कपडे काढावे लागत नाहीत."

साबिहालाही हसू आलं. मग ती नेझाहतकडे वळली. "ताई, दरवर्षी तुम्ही मला पुढच्या वर्षावर ढकलता."

"मला काही होत नाही गं. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली. त्या खोलीला आता कुलूप आहे."

"कुलूप लावलेल्या खोलीतच ओल धरते, ताई. आणि दुखायला लागल्यावर करायची ही तपासणी नव्हे, दुखण्याच्या आधी करायची."

नेझाहत लाल झाली. काही वेळ तिने टेबलावरचे पोळीचे कण बोटाने गोळा केले. मग ती उठली आणि तिने बाहेरच्या चपला कपाटातून काढून दाराजवळ ठेवल्या. "बरं बाई, येते. एवढी कॉफी संपवू दे."

ती कॉफी माझ्यात होती, मित्रांनो.

माझा जन्म कुताह्याच्या भट्टीतला. एका मुलीने माझ्यावर निळं फूल रंगवलं आणि शेवटची पाकळी जरा वाकडी काढली. नेझाहतने मला त्या पाकळीवरून ओळखून आपला कप ठरवला. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाला रिवाजाप्रमाणे मीठ घातलेली कॉफी दिली, तीही माझ्यातूनच. त्याने तोंड वाकडं न करता पिऊन टाकली, आणि पुढे आयुष्यभर तो सांगत राहिला, "मीठ कमी होतं." त्यांच्या मुलीने, बेर्रिनने, लहानपणी माझा कान तोडला. नेझाहतने तो स्वतः चिकटवला आणि पोरीला एवढंच म्हणाली, "आता हा आपल्या दोघींचा." इतकं प्रेम कपाच्या वाट्याला सहसा येत नाही.

तर त्या दुपारी कॉफी संपली. बायका करतात तसं नेझाहतने माझ्यावर बशी झाकली, मला छातीशी धरून फिरवलं आणि मनात इच्छा धरली. इच्छा मनातच धरायची असते. पण तिचे ओठ हलले आणि मी तिच्या ओठांच्या इतका जवळ होतो की मला ऐकू आलं.

"हे रक्त थांबू दे."

तिची पाळी कधीचीच बंद झाली होती. तिची बोटं त्या उकाड्यातही गार होती. घरात कुणाला ठाऊक नव्हतं, साबिहाला नाही, मुझेय्यनला नाही, अंताल्याला शाळेत शिकवणाऱ्या बेर्रिनला तर नाहीच. फक्त मला ठाऊक होतं, आणि कपाला तोंड असतं ते फक्त पिणाऱ्यासाठी.

तिने मला उलटं केलं. मी गार झालो. मुझेय्यनने मला उचललं, तर बशीही माझ्याबरोबर उचलली गेली. तिने हलवून पाहिलं. बशी सुटेना.

"अगं बाई! पैगंबरांचा कौल!" ती ओरडली. "उघडायचं नाही! नेझाहत, तुझी इच्छा पुरी झाली म्हणून समज!"

आमच्याकडे सगळे असंच मानतात. चिकटलेल्या कपात डोकावायचं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी नेझाहतचा गालगुच्चा घेतला. मित्रांनो, गाळ जरा जास्त होता, उलटा करताना मी गरम होतो, निवताना आतली हवा आकसली आणि बशी धरून राहिली. एवढंच होतं ते. मी आतून जीव खाऊन ओरडत होतो: उघड मला, चपला घाल, जा!

नेझाहतचा चेहरा असा उजळला होता की माझ्याच्याने बघवेना. तिने दाराजवळच्या चपला उचलून परत कपाटात ठेवल्या.

"पुढच्या वर्षी नक्की, साबिहा."

साबिहा एकटीच गेली. ताटलीत तिच्यासाठी काढलेली पोळी तशीच राहिली.

रक्त खरंच थांबलं, पण थोड्याच आठवड्यांसाठी. ते परत आलं तेव्हाही नेझाहत वाट बघत राहिली. रोज सकाळी ती मला हातात घ्यायची आणि रोज तिचा हात मला आणखी हलका वाटायचा. सणाला बेर्रिन आली, तिने आईला मिठी मारली आणि तिचे हात आईच्या पाठीच्या हाडांवर थबकले. दुसऱ्या दिवशी दोघी मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथून परतल्यावर स्वयंपाकघरात नेझाहत लेकीला म्हणाली, "लोकांना पोटाचं सांग. दुसरं काही सांगू नकोस." बेर्रिनने मान हलवली. मग जो विचारेल त्याला ती पोटाचं सांगत गेली: काकांना, शेजाऱ्यांना, किराणावाल्यालाही. पुढच्या गुलाबतोडणीला नेझाहत नव्हती.

मी कपाटात मागे गेलो. माझ्यावर धूळ बसली. धुळीचं मला काही नाही. पण चौकातून कुठल्याही गाडीचा भोंगा ऐकू आला की मी बशीवर थरथरायचो.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि घर आवरायला बेर्रिन पुन्हा आली. मुझेय्यन मदतीला होती, तिची सून हाजेरही होती. आवरता आवरता कॉफीची वेळ झाली. हाजेरच्या हाती मीच लागलो.

"साबिहाबाई मागे लागल्यात," हाजेर म्हणाली. "गाडी आली आहे चौकात. मला तर लाजच वाटते. सासूबाई, तुम्ही कप बघा. तो म्हणेल तसं करते."

"मी आता कप बघत नाही," मुझेय्यन म्हणाली.

"आजच्या दिवस!"

हाजेरने मला उलटं केलं. मी गार होऊ लागलो आणि मला कळलं. तीच ओढ, आतून तीच पकड. मित्रांनो, मातीच्या वस्तूला घाम फुटत नाही, नाहीतर त्या क्षणी फुटला असता. हाजेरने मला उचललं. बशी लोंबकळत वर आली.

"चिकटला! सासूबाई, चिकटला! म्हणजे मला काही झालेलं नाही. उघडायचा नाही ना?"

मुझेय्यन पांढरी पडली. तिने बेर्रिनकडे पाहिलं. "तुझ्या आईचाही असाच चिकटला होता," ती पुटपुटली. "ती निघाली होती गं. चपला दाराजवळ आणून ठेवल्या होत्या तिने. मी टाळ्या वाजवल्या."

खिडकीबाहेर भोंगा वाजला. बेर्रिनने हाजेरच्या हातातून मला घेतलं. तिचा अंगठा माझ्या चिकटवलेल्या कानावर टेकला. तिने बशी पिळली. चट् असा आवाज झाला आणि माझ्यात उजेड आला. आत गाळाचा एक काळा ओघळ होता, बाकी काही नव्हतं.

"ही कॉफी आहे, हाजेर. हिला काही कळत नाही." तिने मला टेबलावर ठेवलं. तिचा आवाज बारीक होता, पण खोलीभर ऐकू गेला. "माझ्या आईला पोटाचं काही नव्हतं. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. आणि तपासणी मीसुद्धा अजून केलेली नाही, मलाही लाज वाटते. ऊठ, चपला घाल. आपण दोघी जाऊ."