मागचं डावं चाक

"मागचं डावं," फिटर एकदम म्हणाला आणि हातातला कप त्यानं बशीत ठेवला.

"काय मागचं डावं?" बायकोनं विचारलं. चहा घेऊन ती नुकतीच गॅरेजच्या बाकड्यावर टेकली होती.

"सिस्टरच्या गाडीचं चाक. त्याचे नट मी आवळले का गं?"

आता हे बायकोला विचारून काय उपयोग? नट आवळले की नाही हे आवळणाऱ्यानं सांगायचं. पण ती बिचारी जागेवरून उठली आणि गाडी जिथं उभी होती त्या रिकाम्या जागेकडं बघायला लागली, जणू तिथं काही लिहून ठेवलंय.

सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्यांची गाडी बावीस वर्षांची. गर्दीत उभी राहिली की तापायची आणि रस्त्याला लागली की गार व्हायची. फिटरनं बॉनेट उघडून ऐकलं, पंखा फिरतच नव्हता. पंख्याच्या स्विचच्या दोन वायरी त्यानं एकमेकींना लावल्या, पंखा भुर्रकन सुरू झाला. म्हणजे पंखा ठणठणीत, स्विच गेला. पाच मिनिटांत निदान, अर्ध्या तासात नवा स्विच. दुसरी तक्रार ब्रेकची. ब्रेक दाबला की पुढं करकर वाजायचं. त्यासाठी चारही चाकं उतरवली, पुढचे झिजलेले ब्रेकपॅड बदलले, मागचे ब्रेक साफ करून बसवले. सिस्टरना घाई होती. थोरल्या बहिणीला, ताईला, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घाटाखालच्या शहरात न्यायचं होतं. साडेदहाला दोघी गेल्यासुद्धा.

फिटरची चाक बसवायची पद्धत ठरलेली. चाक वर असताना नट नुसते बोटानं फिरवायचे. जॅक उतरवायचा. चाक जमिनीला टेकलं की पान्यानं आवळायचे आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर खडूची रेघ ओढायची. मग वरून झाकण ठोकायचं. चाळीस वर्षांत ह्यात बदल नाही. आज मागच्या डाव्या चाकाशी जॅक उतरवला आणि तेवढ्यात विजेचं मीटर बघणारा माणूस आला. फिटरनं उठून त्याला मीटर दाखवलं. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा फिटरला आठवत होतं. त्यानंतरचं आठवत होतं ते एकदम तळहातानं झाकण ठोकल्याचं. मधलं काहीच नाही.

"पाना कुठाय?" बायकोनं विचारलं.

"खिळ्याला टांगलाय."

"मग झालं की! काम झाल्याशिवाय तुम्ही पाना टांगता होय?"

"तीन चाकं आवळून टांगला असेल तर?"

फिटरनं सिस्टरना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. सिस्टरचा कडक नियम होता, गाडी चालवताना फोन डिकीत. इस्पितळात अपघाताची माणसं बघून बघून त्यांनी हा नियम केला होता आणि येईल त्याला त्या तो ऐकवायच्या.

"घाट उतरताना चाक निघालं ना," फिटर म्हणाला, "तर दोघी सरळ दरीत जातील."

"अहो, शुभ बोला! चला, मी स्कूटर काढते."

जगाच्या गाड्या नीट करणारा हा माणूस बायकोच्या स्कूटरवर नेहमी मागं बसायचा. तिच्यासारखी चालवता येत नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि लोक हसायचे. आज कुणी हसलं नाही. मांडीवर पाना आडवा धरून तो बसला आणि स्कूटर निघाली.

रस्ता कधी एवढा लांब नव्हता. फिटर रस्त्याच्या डाव्या कडेचा चर बघत होता. सुटलेलं चाक गडगडत जाऊन पडलं असेल तर तिथंच दिसेल. काळं काही दिसलं की तो बायकोला स्कूटर हळू करायला लावायचा. एकदा टायर दिसलंच, पण ते कुणीतरी झाडाभोवती आळं म्हणून ठेवलेलं होतं.

"किती पुढं गेल्या असतील?" बायकोनं ओरडून विचारलं.

"पाऊण तास झालाय. पण ताईला गाडी लागते. थांबत थांबत जात असतील."

"लागू दे गं बाई तिला गाडी! चांगली लागू दे!"

पुढं वळणावर वाहनं खोळंबली होती आणि रस्त्याच्या कडेला गर्दी. स्कूटर पुरती थांबायच्या आत तो उतरला, पडता पडता वाचला, पाना घेऊन तसाच पळत सुटला. साठी उलटलेला माणूस, पण माणसांना ढकलत पुढं घुसला. ट्रकमधून विटा सांडल्या होत्या. नुसत्या विटा. ट्रकवाला त्या उचलत होता आणि बाकीचे त्याला सल्ले देत होते.

"काय हो काका, कुणाला मारायला निघालात?" पान्याकडं बघून एकानं विचारलं.

फिटर तसाच परत आला, स्कूटरवर बसला आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी रस्त्यात तो असा हात ठेवत नसे. तिनं स्कूटर विटांमधून काढली.

घाट जिथं उतरायला लागतो तिथं एक मोकळी जागा होती. तिथं ती पांढरी गाडी उभी होती. चारही चाकांवर. ताई दगडावर बसून चूळ भरत होती आणि सिस्टर तिची पाठ चोळत होत्या.

"अरे देवा, तुम्ही दोघं इकडं कुठं?" सिस्टर म्हणाल्या. "माझं काही राहिलं का गॅरेजात?"

फिटर थेट मागच्या डाव्या चाकाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. पान्याच्या टोकानं त्यानं झाकण उचकटलं.

चार नट. चारांवर चार रेघा. त्यानं पाना लावून एकेक तपासला. एकही हलला नाही.

"घट्ट आहेत गं," तो म्हणाला.

बायको आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. "जीव घेतलात हो माझा! सबंध वाट मी देवाला काय काय कबूल करून बसले!" तिनं सगळी हकिकत सांगितली तसं सिस्टरनाही हसू आवरेना.

"ताई, बघ गं. आमचे मोठे डॉक्टर कधी पेशंटच्या मागं असे धावले नाहीत! फिटर, उठा आता, सुटलात."

पण फिटर उठला नाही. तो त्या रेघांकडं बघत होता. जरा तिरक्या, वरून खाली जाड होत गेलेल्या. त्याच्याच हाताच्या. मीटरवाल्याचं बटण आठवत होतं, झाकण ठोकलेलं आठवत होतं. ह्या चार रेघा काही केल्या आठवत नव्हत्या. नट सैल निघाले असते तर घाईत चुकलं म्हणता आलं असतं. आता काय म्हणायचं? मघा विटांच्या गर्दीत वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटली.

"सिस्टर," तो म्हणाला, "ह्या रेघा मी ओढल्यात. पण मी ओढल्या हे मला आता बघूनही आठवत नाही."

"दगदग होते हो," बायको घाईनं म्हणाली. "झोप कुठं पुरी होते ह्यांची?"

"दगदग नाही. गेल्या आठवड्यात टेम्पोत ऑईल भरलं आणि तासाभरानं पुन्हा भरायला गेलो. मंगळवारी आपल्या कोपऱ्यावर उभा होतो. घराकडं कुठल्या गल्लीनं जायचं कळेना. एका शाळकरी मुलीला विचारलं."

"मला नाही सांगितलंत," बायको म्हणाली.

"कसं सांगणार?"

सिस्टरचं हसू केव्हाच गेलं होतं. त्या त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या. "सोमवारी माझ्याबरोबर इस्पितळात यायचं. मी घ्यायला येते. आणि एक ऐका. वॉर्डात जहाल औषध द्यायचं असलं की एकीनं भरायचं, दुसरीनं बघायचं, मग दोघींनी सही करायची. माझी तीस वर्षं झाली तरी माझ्या भरलेल्यावर पोरसवदा नर्स सही करायची. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही."

फिटरच्या खिशात फोन वाजला. नेहमीचा टॅक्सीवाला होता. त्याचा ब्रेक खाली जात होता, दुपारी गाडी आणतो म्हणाला.

"आण," फिटर म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. "पण ऐक. ब्रेकचं आणि चाकाचं काम मी आता एकटा करत नाही. मी केलेलं दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही. वेळ लागेल. चालत असेल तर आण."

"दुसरं कोण आहे तुमच्याकडं?" टॅक्सीवाल्यानं विचारलं. फोनचा आवाज एवढा मोठा होता की सगळ्यांना ऐकू आलं.

बायकोनं डोळे पुसले, पदर खोचला आणि त्याच्या हातातला पाना काढून घेतला. चाळीस वर्षांत तिनं त्या पान्याला कधी हात लावला नव्हता. उजव्या बाजूच्या चाकाशी जाऊन ती खाली बसली, त्याच्यासारखंच झाकण उचकटलं आणि पाना नटावर बसवला.

"घट्ट करायला कुठल्या बाजूला फिरवायचं?" तिनं विचारलं.

फिटरनं फोन छातीशी धरला आणि तिला सांगितलं.