तोच का, साईनाथ?

शनिवारी भर दुपारी बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये श्रीनिवासने मोठ्याने विचारलं, "तोच का?" उत्तर द्यायला घरात चिटपाखरू नव्हतं. बायको श्यामला मुलीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला जाऊन बसली होती, आणि कंपनीतल्या साईनाथला दिवाळीनंतर नारळ मिळाला होता. डेटाबेस सांभाळायला एक माणूस पुरे, असा शोध साहेबांना लागला होता. अशा शोधांना बढती मिळते.

घरून करायचं काम तसं साधं होतं. एका रक्तपेढीची सगळी माहिती काही डिस्कवर पसरलेली, आणि त्या डिस्क दोन मशीनना जोडलेल्या. त्यातली एक डिस्क म्हातारी झाली होती, ती काढायची. कमांड दिली की तिच्यावरची माहिती आपोआप बाकीच्यांवर सरकते आणि डिस्क मोकळी होते. खरी गोम अशी की एकच डिस्क दोन मशीनवर वेगवेगळ्या नावांनी दिसते, इथली पाचवी ती तिथली आठवी; तिचा लांबलचक छापील नंबर तेवढा दोन्हीकडे सारखा. म्हणून हिंजवडीच्या ऑफिसात दोघांनी रीत पाडली होती. पहिल्या मशीनवर बसून श्रीनिवासने डिस्कचा नंबर वाचायचा आणि "तोच का?" विचारायचं. साईनाथने दुसऱ्या मशीनवर बघून "हाय तोच, मारा" म्हणायचं. मगच एंटर. साईनाथ माण गावचा. एवढी वर्षं कंपनीत काढूनही त्याच्या 'हाय'चं 'आहे' झालं नव्हतं, आणि श्रीनिवासला ते तसंच आवडायचं.

आज त्याने एकट्यानेच दोन विंडो उघडल्या, एकेका मशीनसाठी एकेक. दुसऱ्या मशीनवरची नववी डिस्क काढा, असा निरोप होता. त्याने एकीकडे नंबर वाचला, दुसरीकडे ताडून पाहिला. दोन्हीकडे नववीच, नंबरही तोच. "तोच," त्याने स्वतःलाच सांगितलं आणि एंटर मारलं.

चहा ठेवायला उठता उठता तो थबकला. दोन्हीकडे नववी? असं कधीच होत नसे. त्याने वाकून पाहिलं. दोन्ही विंडो पहिल्याच मशीनच्या होत्या. इतका वेळ तो स्वतःचाच होकार घेत होता.

एक धडधाकट डिस्क रिकामी व्हायला लागली होती, आणि तिच्यावरची माहिती म्हाताऱ्या डिस्कवरही सरकत होती. म्हातारीने आता मान टाकली असती, तर कुठल्या पिशवीत कुठलं रक्त हे पेढीला कळलं नसतं. माहिती पूर्ण सरकेपर्यंत कमांड मागे घेता येते, हे त्याला पाठ होतं. त्याने ती टाईपही केली. पण बोट एंटरवर जाईना. आज त्याचा स्वतःवर काडीचा विश्वास उरला नव्हता.

दिवाळीनंतर साईनाथला फोन करायची त्याला लाज वाटत आली होती. नोकरी गेलेल्याला बोलायचं तरी काय? आता त्याने फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. साईनाथ ना रागावला, ना हसला.

"वाचा, सर."

श्रीनिवासने अक्षर न् अक्षर वाचलं.

"हाय बरोबर. मारा."

सरकणं थांबलं. मग दुसरं मशीन खरोखर उघडून, पुन्हा वाचून, म्हातारी डिस्क काढायला लावली. सगळं ठीक झालं. साहेबांचा मेसेजही आला: बघा, एका माणसाने होतं की.

"झालं न्हवं? ठिवू का?" साईनाथने विचारलं.

"थांब रे. बाकीच्या डिस्क आहेत ना, तेवढं बघू."

बघण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. श्रीनिवास पहिल्या डिस्कपासून एकेक नंबर सावकाश वाचू लागला. साईनाथसमोर पडदासुद्धा नव्हता. तरी तो प्रत्येक नंबरला म्हणत राहिला, "हाय."