थंडीचे नऊ कपडे

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत, कारण तिच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असत. बोलायचं तर आधी त्या काढाव्या लागत, म्हणून ती कमी बोले. त्यावरून ती गरीब स्वभावाची आहे असा समज लोकांनी करून घेतला होता. तो त्यांचा त्यांना लखलाभ!

दुकान तयार कपड्यांचं, मोठं, रस्त्याकडे काचेची खिडकी असलेलं. टाचणी मागच्या खोलीत बसे. लांब पँट आखूड करायची, घट्ट कंबर उसवून सैल करायची, हे तिचं काम. नोकरी लावून दिली होती थोरल्या नणंदेने. वन्सं स्वतः पुढे काउंटरवर असत आणि आपण नोकरी लावून दिल्याचं आठवड्यातून एकदा तरी ऐकवत.

थंडी तोंडावर आली आणि मॅनेजरने फतवा काढला. सोमवारपासून पुढच्या-मागच्या सगळ्यांनी नव्या हंगामाचे, दुकानातलेच कपडे घालून यायचं. पैसे पगारातून कापले जातील. ज्याला जमणार नाही त्याने येऊच नये.

टाचणीच्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याचं काम सुटून दोन महिने झाले होते, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. आणि तिची थंडीची तयारी तर केव्हाच झाली होती! तीन रविवार जुन्या कपड्यांचा बाजार पालथा घालून तिने नऊ कपडे जमवले होते. दोन पँटी, एक स्कर्ट, तीन शर्ट, दोन स्वेटर आणि एक कोट. रंग राखाडी, निळा आणि विटकरी, एवढेच, म्हणजे डोळे मिटून कुठलेही दोन उचलले तरी एकमेकांवर शोभावेत. बाजारात बाकीच्या बायका कपडा अंगाला लावून बघत, ही आधी तो उलटा करी. शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, किती सोडलंय ते बोटांनी चाचपून बघे. माया असली की कपडा उसवून आपल्या अंगाचा करता येतो. नसली तर रंग कितीही गोड असो, तो ढिगात परत जाई. राखाडी कोटाला काखेत चांगली दोन बोटं माया होती. आत लेबल याच दुकानाचं, पंधरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा दुकान असे कोट शिवून घेत असे.

"अगं, हट्ट सोड," वन्सं म्हणाल्या. "लोक म्हणतील, हिची भावजय दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालते. माझी मान खाली जाईल."

"घालतेच की. धुऊन घालते."

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत टाचणीने कोटाचं शेवटचं बटण लावलं, इस्त्री फिरवली, आणि कोट खुंटीवर अडकवून ती हात धुवायला गेली. नेमकी तिथेच चूक झाली. त्या खुंटीवर दुरुस्त होऊन पुढे जायचा माल टांगलेला असे. वन्संनी तो कोट कधी पाहिला नव्हता. आत दुकानाचं लेबल पाहून त्यांनी तो सरळ नेला आणि खिडकीतल्या पुतळ्यावर चढवला.

तासाभराने टाचणीला पुढे बोलावणं आलं. एका शाळेच्या मुख्याध्यापिका आरशासमोर उभ्या होत्या. नवे तीन कोट त्यांना खांद्यात आवळले होते, चौथा अगदी मापाचा बसला होता. फक्त बाह्या बोटभर आखूड. टाचण्या ओठांत धरून टाचणी जवळ गेली आणि थबकली. कोट तिचा होता.

वन्संना तिचा चेहरा पाहूनच उलगडा झाला. त्या मॅनेजरच्या कानाशी लागल्या. मॅनेजरने टाचणीला खांबाआड ओढलं.

"एक अक्षर बोलू नकोस. बाई नव्याच्या भावाने घेतायत. अर्धे पैसे तुझे आणि सोमवारचा नियम तुला माफ. झालं?"

झालं असतं. महिनाभराचा किराणा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पण ज्या कोटासाठी मला हाकलायला निघालात, तोच नवा म्हणून दुप्पट भावाने विकणार? ती आरशापाशी परतली. ओठांतल्या टाचण्या एकेक काढून तिने मनगटावरच्या गादीत खोचल्या.

"बाई, हा कोट माझा आहे. जुन्या बाजारातला."

"थट्टा करतेय ती," मॅनेजर हसला.

"थट्टा नाही." तिने शेजारचा नवा कोट उलटा केला. "हे बघा, नखाएवढंही जादा कापड नाही. उद्या हा उसवला तर मी काय करणार, कपाळ?"

मुख्याध्यापिकांनी कोट काढला, नीट घडी करून तिच्या हातात दिला आणि विचारलं, "हा बाजार भरतो कुठे?"

"सोमवारी येऊ नकोस," मॅनेजर दात-ओठ खात म्हणाला.

सोमवारी ती आली. निळा शर्ट, विटकरी स्वेटर, वर राखाडी कोट. रोजच्या मागच्या दाराकडे ती वळलीसुद्धा नाही. पुढे नव्या कपड्यांत अवघडून सगळे उभे होते आणि नव्या कोटातला मॅनेजर शटर उघडत होता. तिला पाहून त्याचा पारा चढला. शटर त्याने रागाने एका दमात वर ढकललं आणि त्याचा कोट पाठीवर टर्रकन उसवला, मानेपासून कमरेपर्यंत.

कुणी हसलं नाही. मग वन्संच आधी हसल्या.

"अर्ध्या तासात मालक येतायत," मॅनेजर पुटपुटला. "काहीतरी कर."

"येऊ नको म्हणालात."

"चल आत. मागून ये."

"पुढून येईन. आणि हेच कपडे घालून येईन, थंडी संपेपर्यंत."

मालक येणार त्या रस्त्याकडे त्याने पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. वन्संनी काचेचं दार सताड उघडून धरलं. टाचणी पुढच्या दाराने आत गेली, तिने दोन टाचण्या ओठांत धरल्या, तिसरी हातात घेतली.

"वळा," ती म्हणाली.